आधी तपासणी, मग इसार

प्रति,
अमरावती आणि अकोल्यात वैमानिक प्रशिक्षण संस्था काढू पाहणारे संचालक, भागीदार आणि विश्वस्त यांस,



16 एप्रिल 2025 रोजी मुंबईहून निघालेलं अलायन्स एअरचं विमान अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर उतरलं आणि अमरावतीकरांची कितीतरी वर्षांची मागणी पुरी झाली. त्याआधीच एअर इंडियाने बेलोऱ्याला वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारायचं जाहीर केलं होतं. तिच्यासाठी पायपर आणि डायमंड या कंपन्यांकडे मिळून 34 कोऱ्या विमानांची मागणीही नोंदवली गेली. तेव्हापासून आपल्या भागात एक बोलणं कानावर येतं. मोठ्यांनी मोठं काढावं, आपण लहानसं काढू. दोन-तीन विमानं, एक हँगर, एक मुख्य प्रशिक्षक. अकोल्याला शिवणीची धावपट्टी 1943 पासून आहेच. कोरं विमान परवडत नाही, तर जुनं घेऊ.

जुनं घेण्यात गैर काहीच नाही. माझी सगळी नोकरी जुन्या सेसना आणि पायपरच्या इंजिनांत हात घालण्यात गेली. नीट सांभाळलेलं चाळीस वर्षांचं विमान आजही चांगलं शिकवतं. लहान गावांतल्या मुलांना उडायला शिकायचं असेल तर अशा विमानांवाचून गत्यंतर नाही, हेही मला कळतं. तुमच्या हौसेवर पाणी टाकायला हे पत्र लिहीत नाही. वऱ्हाडातल्या पोरांना वऱ्हाडातच विमान शिकता यावं, असं मलाही मनापासून वाटतं.

माझी तक्रार वेगळी आहे. तुम्ही देखभाल अभियंत्याला बोलावता, पण व्यवहार झाल्यावर. विमान ठरलेलं असतं, इसार गेलेला असतो, पंख उतरवून कंटेनरमध्ये भरायची तारीख निघालेली असते, कधी कधी वर्तमानपत्रात बातमीसुद्धा आलेली असते. मग फोन येतो, ‘साहेब, एकदा नजर टाकून घ्या.’ त्या वेळी मी काय सांगणार? आतून काहीही निघालं तरी ऐकणाऱ्याला ‘नको’ म्हणायची सोय उरलेली नसते. विकत घेण्याआधीच्या तपासणीचा उपयोग एकच आहे. व्यवहार मोडायचा हक्क हातात असताना विमानाची खरी अवस्था कळणं, एवढाच. तो हक्क गेल्यावर केलेली तपासणी म्हणजे पुढच्या खर्चाची यादी.

आपल्याकडचा कास्तकार जुना ट्रॅक्टर घ्यायला गेला तर स्वतःचा मिस्त्री सोबत नेतो. विकणाऱ्याचा मिस्त्री त्याला चालत नाही. थंड इंजिन स्वतःसमोर सुरू करून पाहिल्याशिवाय तो पैशाचं बोलत नाही. हीच माणसं विमान घ्यायला बसली की समोरच्याने पाठवलेले वीस फोटो आणि एक व्हिडिओ यांवर विश्वास का ठेवतात, हे मला आजवर उमगलेलं नाही.

बहुतेकांचं उत्तर असतं, ‘अहो, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र चालू आहे ना!’ हा गैरसमज आधी दूर करतो. विमान त्या दिवशी कायद्याच्या किमान अटींत बसत होतं, एवढंच ते प्रमाणपत्र सांगतं. कॅमशाफ्ट किती घासला आहे, पंखाच्या मुळाशी गंज आहे का, येत्या वर्षभरात तुमच्यावर किती खर्च येणार आहे, यातलं त्यात काही नसतं. अमेरिकेत वार्षिक तपासणीत काय पाहायचं ते नियमांत लिहिलेलं आहे, पण खरेदीपूर्व तपासणीची व्याख्या तिथल्या नियमांतही नाही. ती किती खोल करायची हे खरेदीदाराने स्वतः ठरवून लिहून द्यावं लागतं. तुम्ही ‘जरा पाहून घ्या’ म्हणालात तर समोरचा जरा पाहूनच घेईल.

आता मुख्य ते. तुम्हाला जी विमानं दाखवली जातात त्यांत सेसना 152 पहिली असते. या विमानाचं उत्पादन 1985 मध्ये थांबलं. म्हणजे बाजारातलं सगळ्यात तरुण 152 सुद्धा आज चाळिशीला टेकलेलं आहे. 172 चंही तसंच: सेसनाने लहान पिस्टन विमानं बनवणं 1986 मध्ये बंद केलं आणि दहा वर्षांनी पुन्हा सुरू केलं. मधली दहा वर्षं रिकामी. स्वस्तात मिळणारं 172 जवळजवळ नेहमी त्या खंडाच्या आधीचं असतं. इतक्या वयाच्या यंत्राची किंमत त्याच्या रंगावर किंवा नव्या रेडिओवर ठरत नाही. ती त्याच्या लॉगबुकांवर ठरते.

लॉगबुकं म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं, इंजिनाचं आणि प्रोपेलरचं, तिन्ही. पहिल्या पानापासून. ‘जुनी लॉगबुकं पुरात गेली’, ‘आधीच्या मालकाकडे राहिली’ ही वाक्यं मी फार ऐकली आहेत. अशा विमानाची किंमत खाली येते हे खरं, पण तुम्हाला वाटतं तसा तो फायदा नसतो. इतिहास नाही म्हणजे अपघात झाला होता का, कुठला पत्रा बदलला, नियामकाच्या कोणत्या सक्तीच्या आदेशाचं, म्हणजे डायरेक्टिव्हचं, पालन झालं, हे सगळं पुन्हा सिद्ध करायचं. काही गोष्टी सिद्ध करताच येत नाहीत, त्या बदलूनच टाकाव्या लागतात.

एक उदाहरण सांगतो, कारण ते प्रशिक्षणाच्याच विमानाचं आहे. 4 एप्रिल 2018 रोजी अमेरिकेत डेटोना बीचला एम्ब्री-रिडल विद्यापीठाच्या पायपर ॲरोचा पंख उड्डाणातच तुटला. विद्यार्थी आणि परीक्षक दोघेही गेले. विमान 2007 चं होतं, म्हणजे फार जुनंही नव्हतं. पण ते साडेसात हजारांहून जास्त तास उडालेलं होतं, आणि तेही विद्यार्थ्यांच्या हातात, रोजच्या उतरण्या-चढण्यांत. पंखाच्या मुख्य तुळईत बोल्टच्या भोकापाशी धातू थकून भेग पडली होती. जोड न उघडता नुसत्या डोळ्यांना ती दिसण्यासारखी नव्हती. त्यानंतर अमेरिकेच्या नियामकाने पायपरच्या या घराण्यातल्या अनेक विमानांसाठी डायरेक्टिव्ह काढलं. बोल्ट काढून ती भोकं एडी करंटच्या उपकरणाने तपासायची. कोणत्या विमानाची तपासायची हे ठरवायला 100 तासांच्या तपासण्या किती झाल्या ते मोजावं लागतं, कारण त्यावरूनच ते विमान भाड्याने किंवा शिकवायला किती राबलं याचा अंदाज येतो. ही संख्या लॉगबुकाशिवाय कुठून काढणार? तुमच्यासमोर पायपर असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा. त्याचं उत्तर तोंडी घेऊ नका.

दुसरं, इंजिनाचे तास. जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘ओव्हरहॉलनंतर फक्त तीनशे तास.’ हा आकडा पाहून संचालकांचे डोळे चमकतात. माझा जीव मात्र धसकतो. तीनशे तास किती वर्षांत? ओव्हरहॉल अठरा वर्षांपूर्वी झाला असेल तर ते इंजिन उडालेलंच नाही, उभं राहिलेलं आहे. उभं राहणं इंजिनाला उडण्यापेक्षा जास्त खातं. लायकॉमिंग कंपनी आपल्या इंजिनांसाठी तासांसोबत वर्षांचीही मुदत सांगते. तास भरले नाहीत तरी बारा वर्षांत ओव्हरहॉल करावा, असं तिचं म्हणणं आहे. कारण सोपं आहे. या इंजिनांत कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसतो. विमान महिनोन्‌महिने उभं राहिलं की वरचं तेल निथळून खाली जातं, कॅमशाफ्ट उघडा पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि बारीक गंज धरतो. मग इंजिन सुरू झालं की तो गंजलेला भाग टॅपेटशी घासतो आणि धातूचा चुरा तेलात उतरतो. बाहेरून आवाज छान येतो. पहिले काही तास सगळं ठीक वाटतं.

म्हणून मागणी ठेवा की तेलाचा फिल्टर तुमच्या अभियंत्यासमोर कापून पाहू द्या. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवू द्या. प्रत्येक सिलिंडरमध्ये बोरस्कोप घालून भिंती आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पाहू द्या. 80 पौंडांच्या दाबाची हवा सोडून कॉम्प्रेशन मोजू द्या आणि गळणारी हवा कुठून जाते ते कान लावून ऐकू द्या. गरज वाटली तर एखादा सिलिंडर काढून कॅमशाफ्टवर नजर टाकू द्या. विक्रेता यातलं एकही करू देत नसेल तर तिथेच उठा. आणि ‘टॉप ओव्हरहॉल’ या शब्दांपाशी थांबा. त्यात सिलिंडर नवे होतात, खालचा क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग जुनीच राहतात. पूर्ण ओव्हरहॉलच्या भावात टॉप ओव्हरहॉल विकणारे भेटतात.

प्रोपेलर जमिनीला लागला होता का, हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. इंजिन फिरत असताना प्रोपेलर आपटला तर तो धक्का थेट क्रँकशाफ्टपर्यंत जातो. त्यानंतर इंजिन उघडून तपासावं असं लायकॉमिंगचं स्पष्ट सांगणं आहे. क्रँकशाफ्टच्या मागच्या गिअरचा बोल्ट आणि पिन पाहण्याबद्दल तर 2004 चं डायरेक्टिव्हच आहे. आता यातली अडचण ऐका. अमेरिकेत अपघातांच्या नोंदी कुणालाही पाहता येतात, विमानाची नोंदणी आणि मोठ्या दुरुस्त्यांची फाईलही थोड्या शुल्कात मागवता येते. तुम्ही ती जरूर मागवा. पण नुसता वाकलेला प्रोपेलर तिथल्या व्याख्येत मोठं नुकसान धरला जात नाही. म्हणजे अपघातांच्या यादीत तो सापडेलच असं नाही. तो सापडेल प्रोपेलरच्या लॉगबुकात, जिथे ओव्हरहॉलच्या वेळेआधीच नवा प्रोपेलर बसवल्याची एक ओळ असते. ती ओळ वाचणारा माणूस तुमचा पाहिजे.

सांगाड्याबद्दल थोडक्यात. शिकाऊ विद्यार्थी नाकाच्या चाकावर उतरतात, आणि सेसनात त्याची खूण फायरवॉलच्या पत्र्यावर सुरकुत्यांच्या रूपात राहते. सैल रिव्हेटभोवती काळा ओघळ दिसतो. टाकीच्या जोडापाशी निळे डाग दिसले तर ते 100 एलएल पेट्रोलच्या गळतीचे. समुद्रकाठी राहिलेल्या विमानात रंगाखाली फोड आणि जोडांत पांढरी पूड सापडते. ताजा रंग असेल तर हे सगळं झाकलेलं असतं. म्हणून नुकत्याच रंगवलेल्या विमानाची तपासणी दुप्पट कसून व्हावी. सेसनाच्या खुर्चीच्या पट्ट्या मोजायला तर थोडा वेळ आणि एक गेज पुरतो, तरी त्या राहून जातात. भोकं झिजली की उड्डाण घेताना खुर्ची मागे सरकते, वैमानिक आधारासाठी स्टिअरिंग ओढतो आणि नाक वर उठतं. यावर 1987 मध्येच डायरेक्टिव्ह निघालेलं आहे.

आपल्या हवेचा विचार कुणी करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. अकोला समुद्रसपाटीपासून तीनेकशे मीटरवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा 45 अंशांवर गेला की इथली हवा इंजिनाला आणि पंखांना सुमारे दीड हजार मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ भासते. सेसना 152 चं इंजिन 110 हॉर्सपॉवरचं, तेही नवं असताना. थंडीत, परदेशातल्या सपाट मैदानावर व्यवस्थित चढणारं थकलेलं इंजिन आपल्याकडे प्रशिक्षक, विद्यार्थी आणि पुरेसं इंधन घेऊन चढताना काय करेल, याचा हिशेब मॅन्युअलमधले तक्ते उघडून खरेदीच्या आधी करता येतो. तो करा. शिवणीची धावपट्टी 1400 मीटरच्या आसपास आहे. ती लहान विमानाला पुरेशी असते, पण प्रश्न धावपट्टी संपल्यानंतरच्या चढणीचा आहे.

मुंबईतली घाटकोपरची घटना तुम्हाला आठवत असेल. 28 जून 2018. जुहूहून चाचणी उड्डाणाला निघालेलं किंग एअर सी 90 भर वस्तीत कोसळलं. विमानातले चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी असे पाच जण गेले. ते विमान पूर्वी उत्तर प्रदेश सरकारचं होतं. अलाहाबादला त्याला अपघात झाला, नंतर ते मुंबईतल्या एका कंपनीला विकलं गेलं, आणि दीर्घ दुरुस्तीनंतर ते चाचणीला उडालं होतं. अपघात जुन्या खरेदीमुळे झाला, असं मी म्हणत नाही. चौकशी अहवालाने खराब हवामान आणि वैमानिकांचं परिस्थितीचं भान सुटून विमान स्टॉल होणं याकडे बोट दाखवलं, दोन इंजिनांच्या शक्तीतल्या फरकाचाही उल्लेख केला. माझं म्हणणं एवढंच की अपघात होऊन वर्षानुवर्षं उभं राहिलेलं विमान पुन्हा हवेत नेणं हे जगातल्या सगळ्यात जोखमीच्या कामांपैकी एक आहे. ‘उभं आहे, स्वस्तात मिळतंय, दुरुस्त करून घेऊ’ असं म्हणणाऱ्याला ही जोखीम कुणी तरी आधी सांगायला हवी. ती सांगणारा माणूस दलाल नसतो. दलालाला मोबदला विमान विकलं गेलं तरच मिळतो.

माझ्या व्यवसायातल्या बांधवांनाही यातच एक विनंती. फोनवर आलेले फोटो पाहून ‘ठीक दिसतंय’ असं कुणाला लिहू नका. तुमचे दोन शब्द समोरचा माणूस बैठकीत तपासणी अहवाल म्हणून वाचून दाखवतो. आणि विक्रेत्याच्या देखभालीचं काम ज्या हँगरमध्ये चालतं, त्याच हँगरचा अभियंता खरेदीदाराचा अभियंता होऊ शकत नाही. दोघेही प्रामाणिक असले तरी नाही. स्वतःच्याच सहीखालच्या कामात चूक शोधायला लावणं त्या माणसावरही अन्याय आहे.

संचालकहो, तुमच्याकडे शिकायला कोण येणार आहे याचा विचार करा. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला 200 तासांचं उड्डाण लागतं, आणि त्याचा खर्च लाखांमध्ये, बऱ्याचदा चाळिसाच्या पुढे जातो. दर्यापूरचा, मूर्तिजापूरचा, अचलपूरचा बाप वावर गहाण ठेवून ती फी भरेल. एखाद्या विमानाचं इंजिन सहा महिने ओव्हरहॉलला गेलं की त्याच्या मुलाचे तास अडकतात, मुदती उलटतात, परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. विद्यार्थी वर्षानुवर्षं धावपट्टीकडे पाहत बसलेले मी पाहिले आहेत. त्यांच्या रखडण्याचं मूळ अनेकदा खरेदीच्या दिवशी न झालेल्या तपासणीत असतं. आणि हे फक्त वेळेचं आणि पैशाचं झालं. पहिल्यांदा एकटं उडणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा त्या विमानात बसलेला असतो, तेव्हा सोबत प्रशिक्षकही नसतो.

त्यामुळे माझ्या विनंत्या अशा. विमान जिथे उभं आहे तिथे तुमचा अभियंता पाठवा. त्याचा प्रवास, राहणं आणि मोबदला तुम्हीच द्या, विक्रेत्याला देऊ देऊ नका. तपासणी तिसऱ्याच हँगरमध्ये करा. काय-काय उघडायचं याची यादी आधी लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. तीन-चार दिवस लागतील, लागू द्या. विमानावर कर्जाचा बोजा आहे का ते नोंदणीच्या देशात वकिलाकडून तपासून घ्या, नाहीतर तिथली नोंदणी रद्द करून इथे भारतीय नोंदणीची ‘व्हीटी’ अक्षरं रंगवण्याच्या वेळी बँक दारात उभी राहील. अहवाल आला की तो संचालक मंडळाच्या बैठकीत पूर्ण वाचा, शेवटचं पान नुसतं पाहू नका. आणि संस्था सुरू झाल्यावर त्याची प्रत कार्यालयात ठेवा. प्रवेश घ्यायला आलेल्या पालकाने मागितली तर त्याला दाखवा. एअर इंडियाच्या कोऱ्या विमानांशी तुम्हाला स्पर्धा करता येणार नाही, पण जुनं विमान किती काळजीने निवडलं हे दाखवणारी संस्था पालकांचा विश्वास मिळवेल, याची मला खात्री आहे.

कराराचा मसुदा तुमच्यापैकी काहींच्या टेबलावर आत्ताच असेल. सही करण्याआधी त्यात हे वाक्य आहे का ते पाहा, नसेल तर घालून घ्या: खरेदीदाराने नेमलेल्या अभियंत्याचा अहवाल मिळाल्यानंतर ठरलेल्या दिवसांत खरेदीदाराला कोणतंही कारण न देता व्यवहार सोडता येईल, आणि इसाराची पूर्ण रक्कम त्याला परत मिळेल. विक्रेता या वाक्याला नाही म्हणाला तर त्या विमानासाठी अभियंता पाठवायचीही गरज नाही.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त विमान देखभाल अभियंता
अकोला